मोरचुदाखालचं गवत

कमठाण्याच्या इरप्पा धनगराला जन्मात एकदाच कुणी बाबापुता करून बोलावलं, आणि तेच त्याला भोवलं. वायनरीच्या द्राक्षबागेला पर्यावरणाचं प्रमाणपत्र हवं होतं. त्यासाठी तणनाशक बंद, आणि गवत खायला मेंढरं. मॅनेजर सुनीलकुमार म्हणाला, "चारा फुकट, पाणी फुकट, वर्षभर बसव." आजवर खतासाठी लोकांच्या रानात दोन-दोन दिवस मेंढरं बसवत हिंडणाऱ्या इरप्पाला आभाळ ठेंगणं झालं.

वेलींवर मोरचुदाची निळी फवारणी व्हायची, ती खाली गवतावर ठिबकायची. त्याच्या बायकोनं, बाणूबाईनं, हटकलंही. "कामून ते निळं गवत चारायलाव?"

"अगं, खुरं सडली की मोरचूदच लावतो की आपुन. औषध हाय ते."

खुराला लावायचं औषध पोटात गेलं तर काय होतं, हे त्या शहाण्याला सांगणार कोण? मॅनेजरच्या जाडजूड फायलीतही ते नव्हतं.

आठ महिन्यांनी मेंढरांचे डोळे पिवळे पडू लागले. तीन दिवसांत नऊ गेली. बीदरहून आलेल्या जनावरांच्या डॉक्टर स्नेहल यांनी एक मेलेली मेंढी फाडून पाहिली.

"अण्णा, मोरचुदातलं तांबं काळजात साठलंय. आजपासून हे गवत बंद. औषध देते. पण ह्यांना हाकू नका. दमली की ते तांबं रक्तात उतरतं, मग वाचत नाहीत."

"कोणकोणतं जगंल, ताई?"

"बघून नाही सांगता येत."

दुपारी सुनीलकुमार आला. उद्या तपासणीची माणसं येणार होती. "आजच्या आज बागेबाहेर काढ."

इरप्पानं त्याचे पाय धरले. "साहेब, चार दिस ऱ्हाऊ द्या. भायेरचा चारा आणून घालीन, बांधून ठिवीन. हाकली तर मरत्यात."

"मग त्यांना इथं मेलेली मेंढरं दाखवू का मी?"

इरप्पाला हुंदका आवरेना. आपल्याच हातानं चारलं, ही बोच वेगळीच. मग त्यानं डोळे पुसले, वाकून एक मेंढी खांद्यावर घेतली आणि चालू लागला. बागेपलीकडं, दोन शेतं ओलांडून, पडीक रान होतं. एकेक करून उचलून न्यायचं ठरलं. बाणूबाईनं कोकरं घेतली.

अकराव्या खेपेला बाग ओलांडायच्या आधीच मेंढीची मान त्याच्या छातीवर लोंबली. समोरून परतणारी बाणूबाई थबकली.

"आवं, ती गेलीया. ठिवा खाली."

"ठाव हाय," इरप्पा म्हणाला. "ह्यांच्या बागंत न्हाई ठिवत."

आणि तो तसाच पुढं चालत राहिला.