वाढं मिळणार नाही

केशरबाई, तुझ्यावर लिहितेय म्हटल्यावर तू फणकारणार, "बाई, दुसरी कामं न्हाईत का तुमाला?" आहेत. हे त्यातलंच एक. गुमान ऐक.

शेवगावकडच्या एका गावात केशरबाई आशाताई म्हणून घरोघर औषधं पोचवते. दिवाळी सरली की खर्ड्याकडच्या कोरड्या गावांतून ऊसतोडीच्या टोळ्या येतात, गावाबाहेर कोप्या घालून राहतात. हौसेनं कोण येतं? गेल्या हंगामात गावात जुलाब-उलट्यांची साथ आली आणि सरपंच श्रीमंतने ठरवूनच टाकलं, रोग कोप्यांतून आला. कोप्यांकडचा नळ बंद.

केशरबाई तडक चावडीवर.

"नळ तोडला तर ती माणसं कालव्याच्या चारीचं पाणी पितील, आजारी पडून परसाकडंबी चारीकाठीच बसतील. त्याच चारीवर तुमची धुणी, तुमची जनावरं. रोग काय गावचा कोन, उपरा कोन इचारून घरात शिरतो व्हय?"

"काकू, तुमी औषधं वाटा. कारभार आमी बघतो," श्रीमंत म्हणाला.

कोपीत टोळीतल्या विजयमालाचं पोर तिच्या मांडीवर मलूल पडलेलं. जुलाबावरची पुडी होती, कालवायला धड पाणी नव्हतं. केशरबाईने आपल्या बाटलीतलं पाणी दिलं. मग तिची नजर कोपीला टेकलेल्या वाढ्याच्या मोळ्यांवर गेली. उसाचे हे हिरवे शेंडे विकत घेऊनच अख्ख्या गावची जनावरं हिवाळा काढतात.

"उद्यापासून गावाला एक मोळी द्यायची न्हाई."

"ताई, आमी परमुलखातले. मारतील."

"मी हाय की मधी. माझ्याबी दोन गाई उपाशी ऱ्हातील, राहू दे."

दुसऱ्या दिवशी वाढं न्यायला गावातून मोटारसायकली आल्या. बाया मोळ्यांवर बसलेल्या, पुढे केशरबाई.

"पानी सोडा, वाढं न्या."

"आशाताई, टोळीत नाव घातलं का?" एकाने टोमणा मारला.

"घातलं. कोयता देऊ का तुला?"

श्रीमंतच्या जर्सी गाई हंबरून हंबरून थकल्या, दूध आटलं. घरातूनच बोलणी बसली, तेव्हा नळ सुटला. विजयमालाचं पोर पुन्हा कोपीभर रांगू लागलं.

पाणी मिळालं, चारीकाठी बसणं सुटलं नाही. तू म्हणालीस, "बाई, पुढच्या हंगामाआधी आपन दोघी टेप लावून संडासांची जागा आखू. मग बघू श्रीमंत कसा न्हाई म्हनतो!" टेप आणला. एकदा तुझी लसीकरणाची फेरी, एकदा माझे गुडघे. आता नवा हंगाम आला, त्याच जागेवर पुन्हा कोप्या उभ्या राहिल्यात, आणि टेप तुझ्या खुंटीला तसाच आहे, केशर.