न आलेल्या कॅमेऱ्यात पहिला नंबर कुणाचा

पुण्याहून जळगावच्या गाडीत बसलो तेव्हा समोरच्या बाकावरच्या गृहस्थांनी रीतीप्रमाणे विचारलं, "काय करता आपण?" मी म्हटलं, "अजून बाजारात न आलेल्या कॅमेऱ्यांबद्दल लिहितो." त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं आणि आपली बॅग हळूच पायांमध्ये ओढून घेतली. मला राग आला नाही. माझ्या बायकोलाही हा धंदा अजून पुरता पटलेला नाही.

पण धंदा खरा आहे. एका मासिकात माझं सदर असतं. पुढे येणारा कॅमेरा खिशात मावेल, तरी त्याची भिंगं बदलता येतील, हात थरथरला तरी चित्र हलणार नाही, असलं सगळं मी 'म्हणे' लावून लिहितो. अशाच एका लेखात मी लिहिलं होतं की बड्या कॅमेऱ्यांतली एक सोय म्हणे आता ह्या छोट्यांतही येणार. ओळखीचे चेहरे नंबर लावून कॅमेऱ्यात आधीच भरून ठेवायचे, मग कितीही गर्दी असो, कॅमेरा त्या क्रमानं एकेकाला शोधून स्पष्ट टिपणार. लेख छापून आला, मी विसरलो. देवपूरचे (धुळ्यातला पांझरा नदीपलीकडचा भाग) फोटोग्राफर सुभाषभाऊ मात्र विसरले नाहीत. त्यांनी तो लेख एका लग्नघरी मोठ्यानं वाचून दाखवला, आणि मग मला त्यांचा फोन आला.

"साहेब, तुमच्या लेखानं लग्न अडलंय. साखरपुडा होऊन वर्ष झालं. मुलगी म्हणते, ह्या रविवारी तारीख ठरली नाही तर अंगठी परत. आता तुम्हीच या."

लग्न मोडल्याचं पाप डोक्यावर घेण्यापेक्षा तिकीट काढलेलं बरं, म्हणून मी निघालो.

जळगावला उतरलो तेव्हा सकाळची थंडी होती आणि स्टेशनाबाहेर केळ्याच्या वेफर्सचा वास सुटला होता. सुभाषभाऊ गाडी घेऊन आले होते. गोल चेहऱ्याचा, अखंड बोलणारा माणूस. गाडीच्या मागच्या सीटवर पत्र्याचं एक भलंमोठं काळं खोकं होतं, पुढून गोल भोक पाडलेलं.

"हे काय?"

"नव्या कॅमेऱ्यासाठी. तुम्हीच लिहिलंय ना, तो एवढासा असणार? एवढ्याशा कॅमेऱ्याला वऱ्हाडी हिंग लावून विचारत नाहीत साहेब. म्हणतील, मोबाइलवरच उरकलं. म्हणून तो ह्या खोक्यात बसवणार."

शास्त्रज्ञ रात्रंदिवस खपून कॅमेरा लहान करतायत आणि इकडे त्याच्या जन्माआधीच त्याला मोठा करायची तयारी झालेली. मी खिडकीबाहेर पाहू लागलो. केळीच्या बागा मागे पडल्या आणि काळ्या जमिनीत वेचणी झालेली कपाशी सुरू झाली, काटक्यांना पांढरे धागे लटकलेली.

पारोळ्याच्या अलीकडे एका ढाब्यावर शेवभाजी खाल्ली. तिची तर्री (वरचं लाल तिखट तेल) एवढी जहाल की मला ठसका लागला आणि त्या ठसक्यात माझ्या गळ्यातल्या कॅमेऱ्याच्या भिंगावर एक लाल थेंब उडाला. सुभाषभाऊंनी आपल्या शर्टाच्या टोकानं तो आपुलकीनं पुसला आणि सगळ्या भिंगभर पसरवला. चहासाठी उकळत ठेवलेल्या पाण्यात रुमाल बुडवून मी भिंग साफ करत होतो, तेवढ्यात त्यांनी मला लग्नाची भानगड समजावून सांगितली.

नवरदेव निलेश पारोळ्याचा, त्याचं बियाणांचं दुकान. नवरी कोमल देवपूरची, कॉलेजात शिकवते. दोघांचं एकमेकांवर मन आहे. अडलंय ते दोन म्हाताऱ्यांवर. इकडच्या लग्नात टॉवेल-टोपीचा मान असतो. माइकवरून नाव पुकारायचं आणि माणसाला टोपी घालून खांद्यावर टॉवेल टाकायचा. कुणाचं नाव आधी आलं ह्यावरून सोयरे वर्षानुवर्षं बोलत नाहीत. निलेशचे आजोबा, म्हणजे आबा, ह्यांच्या थोरल्या नातवाच्या लग्नात टोपीचा क्रम बिनचूक सांभाळला होता. पण आल्बम आला तर त्या नवरीचा मामा स्पष्ट आणि आबा पानोपानी धूसर! मामा म्हणे तो आल्बम काखेत मारून गावोगाव हिंडला. तेव्हापासून आबांनी ठरवलंय की टोपीचा क्रम तोच कॅमेऱ्याचा क्रम, आणि तो कॅमेरा येईपर्यंत लग्न नाही. कोमलच्या आजोबांनाही, म्हणजे नानांनाही, ही कल्पना फार आवडली. फक्त त्यांच्या मते पहिला नंबर त्यांचा.

"आणि मी काय करायचं?"

"निवाडा. तुम्ही कॅमेऱ्याकडचे."

पारोळ्यात आबांचं घर किल्ल्याजवळच्या गल्लीत आहे. आबा ओट्यावरच बसले होते. उंच, सडसडीत, पांढऱ्या मिशा. समोर खुर्चीवर आरसा टेकवून ठेवला होता आणि ते मान हळूहळू डावीकडून उजवीकडे फिरवत होते. कॅमेऱ्याला चेहरा सगळ्या बाजूंनी ठाऊक हवा, म्हणून हा सराव चालला होता.

"या साहेब. तो कॅमेरा लई उनात का?" (घेऊन आलात का?)

"आबा, तो अजून आलेलाच नाही."

"मंग कधी येई?"

"ते कंपनीलाच ठाऊक."

"मंग लगीनबी तवयच," (तेव्हाच) आबा म्हणाले आणि पुन्हा आरशाकडे वळले. दारात उभ्या निलेशचा चेहरा पाहवत नव्हता. त्यानं मला बाजूला घेऊन विचारलं, "दादा, कंपनीला आपण फोन करू शकतो का?" मला मनापासून त्याची कीव आली.

वरण-बट्टीचा आग्रह झाला. शेवभाजीवर वरण-बट्टी म्हणजे पोटात दोन सोयरे भांडायला बसवण्यासारखं होतं, पण नाही म्हणायची सोय नव्हती. मग आबा, निलेश आणि ते खोकं अशी सगळी वरात गाडीत कोंबून आम्ही धुळ्याकडे निघालो. जागा नसल्यामुळे खोकं माझ्या मांडीवर होतं.

पांझरेचा पूल ओलांडून देवपुरात नानांच्या घरी पोचलो. नाना बुटके, गोरे, केस काळेभोर रंगवलेले. दिवाणखान्यात भलामोठा टीव्ही होता आणि त्याच्या समोरच्या सोफ्यावर दोन्हीकडचे काका-मामा आधीच येऊन बसले होते. मधे कोमल उभी होती. तिनं मला नमस्कार केला, पण नजर अशी टाकली, जणू कॅमेऱ्याचा शोध मीच लावलाय.

"बठ्ठा उनात ना?" आबांनी विचारलं. (बठ्ठा म्हणजे सगळे.) "मंग चालू करा."

लगेच कलकलाट सुरू झाला. वरपक्षाचा मान पहिला, असं आबांकडचे म्हणत होते. मुलगी देतो तो मोठा, असं नानांकडचे. एका काकांनी तोड काढली की आबांचा उजवा डोळा पहिला आणि नानांचा डावा दुसरा धरावा, कारण नवे कॅमेरे डोळे ओळखतात असं माझ्याच लेखात होतं. त्यावर आबांकडच्या मामानं, डावा डोळा लवणं पुरुषाला अशुभ असतं, कॅमेऱ्यात तो फडफडला तर जबाबदार कोण, असा मुद्दा काढला. माझं डोकं भणभणू लागलं.

"थांबा," मी ओरडलोच. "पहिला नंबर म्हणजे काय, ते आधी बघा. मग भांडा."

मी माझा कॅमेरा काढला. दिवाणखान्यातल्या उजेडात आधी नानांचा आणि मग आबांचा चेहरा अगदी जवळून टिपला, आणि तार जोडून टीव्हीवर लावला.

नाना पडदाभर पसरले. रंगवलेल्या केसांच्या मुळाशी उगवलेला पांढरा पट्टा, कानातलं केसांचं रान, दाढी करताना राहिलेले खुंट, सगळं स्वच्छ दिसत होतं. नाना खाकरले आणि म्हणाले, "तसं पाहिलं तर वरपक्षच मोठा. पहिला मान आबांचाच."

मग आबा आले. कपाळावरची एकेक आठी, गालांच्या खळग्या, मिशीतला एकेक केस. आबा उठून टीव्हीजवळ गेले, फार वेळ तसेच उभे राहिले, मग मागे येऊन खाली बसले. "मना नंबर काढी टाका," ते म्हणाले. (मना म्हणजे माझा.)

आणि इथून खानदेशी आग्रह सुरू झाला. "नानांना द्या." "छे छे, मामांना." "मामा कसले, काका मोठे." इतका वेळ ज्या पहिल्या नंबरासाठी रण माजलं होतं, तो आता ताटातल्या शेवटच्या बट्टीसारखा फिरू लागला. जो तो दुसऱ्याच्या पानात वाढत होता. त्यातही मोठेपण कुणी आधी दाखवलं ह्यावरून दोन मामांची पुन्हा जुंपलीच.

"मला द्या," कोमल म्हणाली.

सगळ्यांनी तिच्याकडे पाहिलं. इतके दिवस इतक्या चेहऱ्यांचे नंबर लागले, त्यात नवरा-नवरीचं नाव कुणाच्या तोंडून निघालंच नव्हतं. हे तेव्हा कुठे सगळ्यांच्या ध्यानात आलं.

"मी आणि निलेश. बाकी कुणी हवंय का अजून?"

कुणालाच नको होतं.

"मग सुभाषकाका, दोन माणसं टिपायला तुमचा जुना कॅमेरा पुरेल ना?"

"पुरेल की," सुभाषभाऊ म्हणाले, पण खोक्याकडे पाहून त्यांना वाईट वाटलं.

पंचांग निघालं, पुढच्या महिन्यातला मुहूर्त ठरला, आणि निलेशनं भर बैठकीत डोळे पुसले. मलाही भरून आलं, ते काही सगळं शेवभाजीमुळे नव्हतं.

परतताना आबा पुढच्या सीटवर बसले होते. पारोळ्याला उतरण्याआधी ते म्हणाले, "साहेब, तो मना फोटू धाडज्यात." (पाठवा.)

मला वाटलं, चेहरा पाहून बिचाऱ्यांच्या मनाला लागलंय. "पाठवतो आबा. थोड्या सुरकुत्या कमी करून देतो."

"काही करू नका," ते झटकन म्हणाले. "हाऊ मी नही. हाऊ मना बाप शे." (हा मी नाही. हा माझा बाप आहे.)

त्यांच्या वडिलांचा एकही फोटो नाही. आबा हे त्यांचं उतारवयातलं शेंडेफळ, आबा लहान असतानाच ते गेले. "मी त्यानं तोंड इसरी गयथू," आबा म्हणाले. (त्याचं तोंड विसरून गेलो होतो.) टीव्हीवर त्यांना ते इतक्या वर्षांनी दिसलं होतं.

पुण्यात येऊन मी फोटो पाठवला आणि पुढचा लेख लिहायला बसलो. नव्या छोट्या कॅमेऱ्यात काय काय येणार ह्याची भलीमोठी जंत्री समोर होती. अंधारात दिसेल, उडता पक्षी धरेल, दोन कार्डांवर एकदम साठवेल. माणसं कॅमेऱ्याकडून ह्याच गोष्टी मागत असतील असं मला आजवर वाटत आलं होतं. आता एकेक ओळ लिहून मी खोडायला लागलो.

लग्नाला मला जाता आलं नाही. सुभाषभाऊंनी जुन्या कॅमेऱ्यानं काढलेले फोटो पाठवले. कोमल आणि निलेश झकास आलेत. पण मांडवातला एक फोटो मी पुन्हा पुन्हा पाहतो. मागच्या पडद्यावर मी टिपलेला आबांचा चेहरा फ्रेम करून टांगलाय आणि त्याला झेंडूचा घसघशीत हार घातलाय. जिवंत माणसाच्या फोटोला हार म्हणजे अपशकुन, म्हणून घरच्यांनी खूप विरोध केला, पण आबांनी ऐकलं नाही. माइकवरून पहिली टोपी त्या फ्रेमला पुकारली गेली. नाशिकहून आलेल्या एका पाहुण्यानं तर आधी फ्रेमला हात जोडले, मग खाली बसलेल्या आबांना पाहून तो चहा न घेताच निघून गेला.

त्या फोटोत फ्रेम लख्ख स्पष्ट आहे आणि तिच्याखाली बसलेले आबा पार धूसर. सुभाषभाऊंनी घाबरत घाबरत तो त्यांना दाखवला.

"बरोबर शे," आबा म्हणाले. "बापना नंबर पहिला."