पुसता न येणारा पंख

न्यू जर्सीतल्या एका जुन्या इटालियन चर्चच्या घुमटात मी दर शनिवारी भित्तिचित्रं दुरुस्त करायला शिकत होते. रंग ओल्या चुन्यावर लावायचा, म्हणजे तो भिंतीतच मुरतो. माझ्या हाताला मात्र रांगोळीची सवय. देवदूताचा पंख वाकडा गेला आणि मी बोटाने पुसायला गेले, तर सगळा फराटा झाला. फार वर्षांपूर्वी इटलीहून आलेले म्हातारे फादर खालून म्हणाले, "राहू दे, इतक्या उंच कोण बघतंय?"

"मी बघतेय ना!" माझं डोकंच फिरलं. गवंड्याच्या करणीने अख्खा पंख खरवडला, नवा चुना लावला. तीन शनिवार गेले, पण पंख जमला.

मग फादर गुडघे धरत परांचीवर चढले. शेजारचा वाकडा पंख दाखवून म्हणाले, "हा मी तरुणपणी केलेला. तसाच राहू दिला. दे ती करणी इकडे."