जिनिंगवरून उतरवलेले कॅमेरे

मलकापुरात कॅमेरे बसवणारी बाई एकच, आसमा. सलवार-कमीजवर नवऱ्याचा जुना शर्ट, खिशात टेस्टर आणि पकड, खांद्यावर शिडी. ही शिडी ऑटोत मावत नसे, म्हणून आसमा पायीच निघायची आणि बाजारातली माणसं आपसूक बाजूला व्हायची.

हा धंदा मुळात तिच्या नवऱ्याचा, शाकिरचा. तो आधी केबल टीव्हीच्या वायरी ओढायचा, मग कॅमेऱ्यांचं काम शिकला. एकदा खांबावरून पडला आणि कमरेचं हाड मोडलं. हाड जुळलं, पण शिडी कायमची सुटली. घेतलेली कामं तर पुरी करायची होती. आसमा म्हणाली, "तुमी खालून सांगा, मी चढते." पहिलं काम एका औषधाच्या दुकानात होतं. शाकिर स्टुलावर बसून कोणती वायर कुठं ते सांगत होता, आणि ती वर बसून भिंतीला भोकं पाडत होती.

ही गोष्ट जळगाव जामोदला तिच्या वडिलांच्या, गुलजारचाचांच्या कानावर गेली. चाचा जातीचे पिंजारी. उभी हयात कापूस पिंजून गाद्या भरण्यात गेलेली. लेक शिडीवर चढते म्हटल्यावर ते तणतणत बसने आले आणि काम चालू होतं तिथं जाऊन उभे राहिले. बराच वेळ वर बघत राहिले. ती खाली उतरली तेव्हा एवढंच म्हणाले, "बेटा, ही शिडी बदल. पायऱ्या हालून राह्यल्या." आणि जेवून परत गेले.

हर्षलशेठच्या जिनिंगचं, म्हणजे कापसातून सरकी काढणाऱ्या कारखान्याचं, काम मिळालं ते गुलाबी बोंडअळीच्या सालानंतर. त्या साली बीटी कापसाची झाडं, सारी पराटी, उभीच्या उभी किडली होती. बोंड फोडलं की आत गुलाबी अळी आणि पिवळी पडलेली कवडी, म्हणजे किडका कापूस. ज्याच्या पदरात थोडाफार चांगला कापूस आला, तो त्यातल्या मूठभरासाठीही भांडायचा, आणि त्यात त्याचं काही चुकतही नव्हतं. जिनिंगच्या काट्यावर रोज तंटे. वजन कमी दाखवलं, ओल जास्त धरली, गाडीतला माल उतरवताना हात मारला. हर्षल तरुण होता, वडिलांच्या माघारी नुकताच गादीवर बसलेला. त्याने आसमाला बोलावलं आणि काट्यापासून रुईच्या गाठींच्या गोदामापर्यंत कॅमेरे लावून घेतले. मग भांडण झालं की शेतकऱ्याला खोलीत नेऊन पडद्यावर त्याचीच गाडी दाखवायची. कधी शेतकऱ्याचं म्हणणं खरं निघायचं, कधी काटेवाल्याचं. तंटे थांबले नाहीत, पण मारामाऱ्या थांबल्या.

आसमाला त्या कामाचा अभिमान होता. कोणता कॅमेरा कुठं बघतो ते तिला झोपेत विचारलं तरी सांगता आलं असतं. कापूस निवडणाऱ्या बाया येता-जाता कॅमेऱ्याकडे बघून पदर नीट करायच्या आणि हसायच्या.

पुढं काही वर्षांनी, दसऱ्याला थोडे दिवस असताना, हर्षलचा फोन आला. ती गेली. त्याने खुर्ची दिली, चहा मागवला.

"आसमाताई, क्यामेरे काढा लागते."

"काऊन? बिघडले का?"

"बिघडले नाईत. चीनचे हायेत." त्याने समजावून सांगितलं. इथली रुई एका सूतगिरणीला जाते, तिचं सूत पुढं कापड होऊन अमेरिकेत जातं. तिकडच्या खरेदीदाराने निरोप पाठवला होता. "चीनचे क्यामेरे इंटरनेटवरून तिकडं बसलेल्या माणसालेबी दिसू शकतात म्हनते. ज्याच्या कारखान्यात असतीन, त्याचा माल नाई घेनार. दोन्ही देशायची आपसात जुपली हाये, अन् आपून मंधात."

दारात मुकादम शालिग्राम उभा होता. तो खो खो हसला. "म्हंजे आमी इथी तंबाखू मळत होतो, तेबी तिकडं पाह्यत होते का?"

हर्षल हसला नाही. "ताई, खरंच जाते का वो तिकडं?"

नाही म्हणावं, असं तिच्या ओठांवर आलं होतं. इतकी वर्षं ती सगळ्यांना हेच सांगत आली होती, की बिनघोर राहा, तुमचं चित्र तुमच्याच रेकॉर्डिंगच्या डब्यात राहतं. पण शेठचा चेहरा पाहून तिच्याच्याने ते म्हणवेना.

"मले माईत नाई, शेठ. म्या वायर ओढली, खोक्यातला क्यामेरा भितीले लावला. त्याच्या आतल्या चीपमंधी काय भरलं हाये, ते मले थोडीच दिसते."

"खरं बोलल्या," हर्षल म्हणाला. "काढून टाका. नवे इथं बनलेले आना. जुने भंगारात द्या, नाईतर घेऊन जा."

नवे आणणं मात्र सोपं नव्हतं. अकोल्याचा माल पुरवणारा व्यापारी फोनवर म्हणाला, कॅमेरा इथं बनतो हो, पण त्याच्या पोटातली चीप तर बाहेरूनच येते. अमेरिकेने चीनला भारी चीपा द्यायचं बंद केलं, चीनने त्यांना लागणारा कच्चा माल अडवला, आणि साऱ्या जगाची मागणी उरलेल्या कारखान्यांच्या दारात जाऊन बसली. दिवाळीनंतर बघू.

आसमाने कॅमेरे उतरवले. कापसाचे तंतू बसून त्यांना पांढरी लव आली होती. एकेक काढला की भिंतीवर स्वच्छ गोल डाग उरायचा. खाली शालिग्राम शिडी धरून उभा होता आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होता, "चीनवाली बाई आली पाहा." त्याच्या मनात पाप नव्हतं, पण ते नाव तिच्याआधी बाजारात पोचलं. एका कापडवाल्याने बोलावून स्वतःच्या दुकानातले कॅमेरे काढायला लावले. वर विचारलं, "तुले आधी माईत नोयतं का?" या प्रश्नातला संशय तिला बरोबर कळला. ती शिडी उचलून निघाली. दुसऱ्या दिवशी तिने आपलं कॅमेऱ्यांचं दुकान उघडलं नाही. तिसऱ्याही दिवशी नाही.

शाकिरने तिची समजूत घातली नाही. तो सारी खोकी समोर घेऊन बसला, एकेका कॅमेऱ्याची लव पुसली, काचा लख्ख केल्या.

"भंगाराले कोनी पालिश करते का?" ती चिडून म्हणाली.

"भंगार कायचं? इंटरनेट जोडलं तर हे कोनाशी बोलतीन न. जोडलंच नाई तर कोनाशी बोलतीन? आपल्या डब्याशी." त्याने कॅमेरा उजेडात धरला. "डोळा चांगला हाये याचा."

त्याच सुमारास गुलजारचाचांचा फोन आला. जळगाव जामोदच्या उत्तरेला, सातपुड्याच्या पायथ्याशी अन्नपूर्णाबाई नावाची बाई होती. नवरा नाही, मुलगा पुण्यात. तिच्या घरच्या गाद्या चाचांनीच भरलेल्या, आणि लहानपणी आसमा त्यांच्यासोबत तिच्या ओसरीवर कापसाच्या ढिगात खेळलेली. चाचा म्हणाले, अन्नपूर्णा पराटीवर नांगर फिरवते म्हणते. महागाचं बियाणं, फवारणी, सगळं करून यंदा अळी कमी आहे, तर रोही, म्हणजे नीलगायी, आणि रानडुकरं शेत तुडवतात. म्हातारी रात्र-रात्र जागलीला, राखणीला, बसून बसून आजारी पडली. "तुया क्यामेऱ्यानं काई होते का, पाह्य."

"क्यामेरा रोह्याले हाकलत नाई, अब्बा."

"तू ये तर."

ती गेली. शाकिरही आला, खोकी मांडीवर घेऊन बसच्या पुढच्या सीटवर.

अन्नपूर्णाबाई शेताच्या धुऱ्यावर, बांधाशी, बसली होती. आसमाला पाहून उठली, तोंडावरून हात फिरवला. "केवढी झाली वं माय! अन् हे काय आनलं?"

"चीनचे डोळे हायेत, मावशी. अमेरिकेले नको झाले, म्हनून तुमाले आनले."

"पाह्यतीन तर पाह्यतीन. माह्या वावरात लपवासारखं हाये काय?"

शेतातल्या झोपडीवर सोलरची छोटी प्लेट होती. तिच्यावर बॅटरी लावली, झोपडीत रेकॉर्डिंगचा डबा आणि अन्नपूर्णाबाईचा जुना टीव्ही आणून ठेवला, आणि बांधावरच्या निंबाला, विहिरीच्या खांबाला, नाल्याकडच्या बाभळीला कॅमेरे बसवले. इंटरनेटची वायर कुठंच नाही. शाकिर खाटेवर बसून जोडण्या करत होता. चाचा शिडी धरून उभे होते आणि मधूनच विचारत होते की एखादा आपल्या बकऱ्यांवर लावता येईल का.

अन्नपूर्णाबाई डोंगराच्या बाजूने जागत असे, कारण जनावर डोंगरातून उतरतं हे साऱ्या गावाला ठाऊक. पहिल्या सकाळी रात्रीचं रेकॉर्डिंग टीव्हीवर लावलं तर रोह्यांचा कळप नाल्यातून येताना दिसला. पुरात कुंपण वाहून गेलं होतं, त्या खिंडारातून एकामागे एक, लग्नाच्या वऱ्हाडासारखे सावकाश. पाठोपाठ डुकरं. अन्नपूर्णाबाई डोक्याला हात लावून बसली.

"पाह्य वं! मी इकडं डब्बा वाजवत बसो, अन् हे मांगच्या दारानं पाहुन्यावानी येत!"

गावातल्या चारसहा माणसांनी मिळून बोरीच्या आणि बाभळीच्या काट्यांनी ते खिंडार बुजवलं. रोही अगदीच थांबले असं नाही. एखादा उडी मारून यायचाच. पण तुडवणं थांबलं, आणि उरलेल्या पराटीला नवी बोंडं धरली. नांगर फिरला नाही.

आणखी एक झालं, जे कोणाच्या ध्यानीमनी नव्हतं. अन्नपूर्णाबाईला त्या टीव्हीची गोडी लागली. सकाळी चहा घेऊन ती झोपडीत बसायची, आणि शेजारच्या बाया वेचणीला जाता-जाता डोकवायच्या. काल कोण आलं होतं? साळिंदर आलं होतं, काटे फुलवून नवरीसारखं चाललं होतं. सशाची जोडी आली होती. एकदा अस्वल आलं, कॅमेऱ्याखाली उभं राहिलं आणि पाठ घासून गेलं. ही बातमी तीन गावं फिरली. पुण्याच्या मुलाने फोनवर विचारलं, "आई, एकटीले भेव नाई लागत का?" ती म्हणाली, "एकटी कुठी? लय येनं-जानं हाये माह्या घरी."

मग आजूबाजूच्या शेतांतून आसमाला निरोप येऊ लागले. मलकापुरात, नांदुऱ्यात ज्यांनी ज्यांनी कॅमेरे उतरवले होते, ते ती मागून आणायची आणि शाकिर पुसून तयार करायचा. शेतकरी सरळ विचारायचे, "चीनवाल्या ताई कधी येतीन?" त्या नावाला ती आता ओ द्यायची. कापडवाल्यानेही जुने कॅमेरे स्वतःहून पाठवून दिले. जोडीला काही निरोप नव्हता, पण खोकी नीट बांधलेली होती.

दिवाळी उलटून गेल्यावर नवे कॅमेरे आले. आसमा जिनिंगवर चढली. हंगाम जोरात होता, काट्यावर कापसाच्या गाड्यांची रांग लागली होती, आणि दोन महिने कॅमेऱ्याविना काढल्यामुळे हर्षलचा आवाज भांडणं मिटवून पार बसला होता. त्याने एकच सांगितलं, "काट्यावरचा आधी लावा ताई, माह्या गळ्यावर दया करा." तिने तो आधी लावला.

संक्रांतीच्या आसपास अन्नपूर्णाबाईने सगळ्यांना शेतात जेवायला बोलावलं. वेचणी होऊन कापूस घरी आला होता. भरघोस नव्हता, पण पांढराशुभ्र होता. तिने तुरीच्या वाळल्या काड्यांवर, तुराट्यांवर, वांगी भाजून भरीत केलं, ज्वारीच्या भाकरी थापल्या, हिरव्या मिरचीचा ठेचा केला. चाचा जेवून तिथंच बाजेवर आडवे झाले. बाजेवर नवी गादी होती, याच कापसाची, त्यांनीच भरलेली.

"आसमा, येथी बस," म्हातारीने टीव्ही लावला. "कालचं पाह्यलं का? मोर आला होता. पिसारा नुसता पसरला अन् पाहाले कोनीच नाई. म्हनलं, रोज येत जा बापा."

शाकिर भाकरीचा तुकडा हातात धरून बघत राहिला. आसमाने पाय पसरले, भिंतीला पाठ टेकली आणि म्हणाली, "मावशी, मांगं घ्या न जरा. सुरुवातीपासून पाहू."