सेल काढायच्या आधी

शिरूरच्या एसटी स्टँडमागे जुने कीबोर्ड दुरुस्त करणाऱ्या त्या बाईंचं नाव विचारायचं राहूनच गेलं. पूर्वी कंपनीत सोल्डरिंग करायच्या, एवढंच कळलं. चष्मा कपाळावर, आणि एकेक पट्टी दाबून कान अगदी खाली नेऊन ऐकायची सवय.

वडील गेल्यावर त्यांचा लग्नाच्या बँडमधला कीबोर्ड मी बाईंकडे नेला. उघडून त्यांनी आतला गोल सेल दाखवला. "ह्यो गळाया लागलाय. न्हाई काढला तर सगळं सर्किट खाईल. पण काढला की आत साठवल्यालं जातंय. हाय का काही?"

वडिलांनी वाजवून ठेवलेली एक चाल होती. मी घाईनं मोबाईल काढला.

"आधी नुसतं ऐका की दादा. मोबाईल दुसऱ्या बारीला."

त्यांनी पंखा बंद केला, पदराला हात पुसले. चाल वाजली. नेहमीच्याच जागी वडिलांचं बोट अडखळलं आणि सावरलं. बाई हसल्या. दुसऱ्यांदा मी ती मोबाईलवर घेतली, मग त्यांनी सेल काढला.

अजून ऐकतो मी ती. शेवटचा सूर विरला की बाईंचा आवाज येतो. माझ्या वडिलांना त्यांनी कधी पाहिलंसुद्धा नव्हतं. तरी हळूच म्हणतात, "वा, आबा!"