पस्तिशीत दातांना तारा

दातांना तारा होत्या ती दोन वर्षं मी शक्यतो कमी बोलले. त्यामुळेच की काय, तेव्हाचे किस्से इतरांनीच जास्त सांगितले आणि दर खेपेला त्यात थोडी भर घातली. त्यातलं जे खरोखर घडलं, तेवढंच सांगते.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. नागपूरहून बंगलोरला येऊन मला पाच वर्षं झाली होती. कोरमंगलातल्या एका छोट्या सॉफ्टवेअर कंपनीत नोकरी, वय पस्तीस, मुलगी चौथीत. जे. पी. नगरच्या दातांच्या डॉक्टरांकडे पहिल्यांदा गेले तेव्हा तीही बरोबर होती. नर्सने तिच्याकडे बघून हाक मारली, "ये बेबी, आत ये."

मुलगी म्हणाली, "मी नाही. ही."

•

तारा लावल्यावर पहिल्या दिवशी ऑफिसात तोंड मिटून बसले. शेजारच्या टेबलावरच्या पुण्याच्या प्रदीपने हळूच विचारलं, "घरी भांडण झालंय का?" मी नुसती मान हलवली. ती त्याला उभी वाटली की आडवी, कोण जाणे. जेवणाच्या सुट्टीपर्यंत माझं आणि नवऱ्याचं बिनसल्याची बातमी पूर्ण मजल्यावर पोचली.

चार वाजता मॅनेजरने केबिनमध्ये बोलावलं. "घरचा काही प्रॉब्लेम असेल तर दोन दिवस रजा घ्या," ते फार हळुवारपणे म्हणाले.

"तसं काही नाही, सर," म्हणायला मी तोंड उघडलं.

त्यांनी नीट निरखून पाहिलं. "अच्छा. हार्डवेअर अपग्रेड."

•

पहिल्या आठवड्यात काही चावता येईना. ऑफिसखालच्या दर्शिनीत, म्हणजे उभ्याने खायच्या हॉटेलात, मी माझ्या मोडक्या कन्नडमध्ये "स्वल्प मऊ इडली" मागितली.

काउंटरवरचे अण्णा दुखावले. "अक्का, तीस वर्षं झाली हॉटेलला. कडक इडली आम्ही अजून केलेली नाही."

•

पुढे डॉक्टरांनी वरच्या आणि खालच्या दातांमध्ये अडकवायला बारीक रबरं दिली. सोमवारच्या मीटिंगमध्ये मी बोलायला जरा मोठं तोंड उघडलं, तर एक रबर सुटलं आणि थेट मॅनेजरच्या कॉफीत पडलं. ते फळ्याकडे बघत होते. पाहिलं फक्त प्रदीपने, आणि तो खाली वाकून बुटाची नाडी बांधायला लागला. त्याच्या पायात चपला होत्या.

मॅनेजरचा हात कपाकडे गेला तशी मी उठले. "सर, गार झाली असेल. दुसरी आणते."

पाच वर्षांत मी त्या ऑफिसात कुणालाही कॉफी आणून दिली नव्हती. वर्षअखेरीच्या माझ्या रिपोर्टमध्ये शेरा होता : सहकाऱ्यांशी वागणूक लक्षणीय सुधारली.

•

एक गोष्ट मात्र मला लागली होती. परदेशातून क्लायंट यायचे होते. तीन आठवडे खपून मी प्रेझेंटेशन तयार केलं, प्रोजेक्टरच्या ट्रान्सपरन्सीज स्वतःच्या हाताने लिहिल्या. आदल्या दिवशी मॅनेजर म्हणाले, "बोलायचं काम प्रदीप करेल. तुमच्याच सोयीसाठी." तारांमुळे माझा 'स' जरा 'थ'कडे झुकायचा, आणि कंपनीच्या नावातच दोन 'स' होते. मी "बरं" म्हटलं. घरी मुलीवर उगाच ओरडले.

दुसऱ्या दिवशी प्रदीपने सगळं व्यवस्थित वाचलं. क्लायंटने दुसराच प्रश्न असा विचारला की प्रदीप माझ्याकडे बघायला लागला. मी उठले. पाऊण तास बोलले, सगळ्या 'थ'सकट.

निघताना ते गृहस्थ माझ्यापाशी थांबले. "अजून किती महिने?"

"अकरा."

"नंतर रात्री लावायला प्लेट देतील. ती कंटाळा न करता लावा," ते म्हणाले आणि हसले. त्यांचा पुढचा एक दात दुसऱ्यावर चढला होता. "मी चाळिशीत लावल्या होत्या तारा. प्लेटचा कंटाळा केला."

•

आमच्या ऑफिसचं रजा-हजेरीचं काम सरोजाक्का बघायच्या. बंगलोरातलं जुनं मराठी घराणं, चार पिढ्या इथेच. वय बावन्न. त्यांचं मराठी ऐकताना मध्येच कन्नड कधी सुरू झालं ते कळायचं नाही.

एकदा जिन्यात त्यांनी मला थांबवलं. "तुझ्या डॉक्टरांचा नंबर दे की गं. माझ्या भाचीला पाहिजे. दात स्वल्प पुढे आहेत तिचे."

मी दिला. दोन दिवसांनी त्या पुन्हा आल्या. "फार दुखतंय काय? भाची विचारत होती."

"पहिले चार दिवस."

"सरी, सरी," त्या कन्नडमध्ये 'बरं, बरं' म्हणाल्या.

पुढच्या आठवड्यात पुन्हा. "वयाचं काय असतंय का गं त्यात? भाची विचारते."

"हिरड्या चांगल्या असल्या म्हणजे झालं. शनिवारी मी जाणारच आहे, तिलाही घेऊन या ना," मी म्हटलं.

शनिवारी क्लिनिकमध्ये गेले तर सरोजाक्का बाकावर एकट्याच बसल्या होत्या. ठेवणीतली साडी, मांडीवर नवी कोरी फाइल.

मी शेजारी बसले. "भाची नाही आली?"

"तिचे दात चांगले आहेत की," त्या म्हणाल्या. "आधी तू जातीस आत, का मी जाऊ?"