पाटाखालचा बुश

पेणच्या आमच्या कारखान्यात मी गणपतीच्या डोळ्यांची आखणी करते. मूर्ती ठेवायचा फिरता पाट डुगडुगायला लागला होता. पाट हलला की डोळा चुकतो, आणि डोळा चुकला की मूर्ती गेली. कुणीतरी रोह्याच्या एका काकांचं घर सांगितलं. त्यांचं नाव विचारायचं राहूनच गेलं.

त्यांच्या पडवीत शिलाई मशीनएवढं, धातू कातायचं लेथ मशीन होतं. दुपारचं ऊन तिरपं आत आलं होतं आणि पितळेचा कीस सोनेरी बटांसारखा वळत खाली पडत होता. काका मधेच मशीन थांबवायचे, डोळे मिटून कातलेल्या तुकड्यावरून बोट फिरवायचे. त्या घरघरीत मला गुंगी यायला लागली.

"यावर काय बनवता?" मी विचारलं.

"सध्या यालाच बनवतोय. याचे स्क्रू, याची हँडलं, यानंच केलीत." मग हसले. "कंपनीत तीस वर्षं पार्ट केले, ताई. कुठला कुठं जाऊन बसला, कधी बघितला नाय."

पाटाचा झिजलेला बुश, म्हणजे पाट ज्यात फिरतो ती खालची पितळी कडी, त्यांनी नवा करून दिला. "बसवलात की बघायला येईन," एवढंच म्हणाले.

आखणीच्या दिवसांत ते खरंच आले. नुकतेच डोळे उघडलेल्या गणपतीसमोर येणारा प्रत्येक जण थबकत होता. काका मात्र थेट पाटाखाली वाकले. एका बोटानं पाट हलकेच फिरवला आणि तो थांबेपर्यंत तसेच वाकून राहिले.

शेजारची बाई कुजबुजली, "किती मनापासून पाया पडतायत गो!"

मी नाही म्हटलं नाही.